टाळूवरची भुरी

आपल्याकडे केसांचं कौतुक फार. बाळ जन्मलं की पहिल्या भेटीतच कुणीतरी जावळ किती दाट आहे ते सांगून जातं. वेणी कमरेपर्यंत पोचली की नातेवाइकांत त्या मुलीचा उल्लेख ‘ती लांब केसांची’ असा होतो. चाळिशीनंतर बायका एकमेकींना भेटल्या की आधी भांग किती रुंदावला ते बघतात आणि मग मुलाबाळांची चौकशी करतात. पण हे केस ज्या कातडीतून उगवतात तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती खाजायला लागली, खांद्यावर पांढरं पडायला लागलं, की मग तिची आठवण होते. तेव्हाही आपण ‘केसांत कोंडा झालाय’ म्हणतो आणि केसांच्याच मागे लागतो.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. डिसेंबर-जानेवारीत ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी येते आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सांगतात, तेच निफाड. त्या थंडीत पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटायच्या, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून, आणि घरी परसदारी तांब्याचा बंब. बंबातलं कढत पाणी डोक्यावरून घेताना मोरीतून बाहेर यावंसं वाटायचं नाही. दुपारपर्यंत डोकं चरचरायला लागायचं. शाळेचा स्वेटर गडद निळा, म्हणजे लपवायची सोयच नाही. मागच्या बाकावरची मैत्रीण माझा खांदा झटकून द्यायची, अगदी मायेनं, पण सगळ्या वर्गादेखत.

आईचं निदान ठरलेलं होतं: डोकं कोरडं पडलंय. उपायही ठरलेला. रात्री वाटीत कोमट केलेलं खोबरेल, मुळापर्यंत जिरवून चोळायचं, घट्ट वेणी घालायची आणि उशीवर जुना टॉवेल टाकून झोपायचं. गंमत अशी, की यानं दोन दिवस खांदे खरोखर स्वच्छ राहायचे. तेलानं पापुद्रे टाळूला चिकटून बसतात, सुटून पडत नाहीत, मग गुण आला असं वाटतं. खाज मात्र तिसऱ्या दिवशी दामदुपटीनं परत.

आता हेच सगळं एक पिढी पुढे सरकून नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये सुरू आहे. लेक नववीत गेली आणि तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसायला लागलं. सासूबाई एका नजरेत म्हणाल्या, “डोकं कोरडं पडलंय पोरीचं. तुम्ही हल्लीच्या बायका तेल म्हणून लावत नाही.” वीस-पंचवीस मैलांवरची, कधी एकमेकींच्या स्वयंपाकघरात न वावरलेली दोन घरं, आणि वाक्य शब्दशः तेच.

वय मात्र बघा. लहानपणी सहसा कोंडा नसतो. मुलं वयात येतात, संप्रेरकांमुळे टाळूतल्या तैलग्रंथी जोरात कामाला लागतात, आणि मगच तो उगवतो. ज्या वयात डोकं सगळ्यात तेलकट असतं त्याच वयात तो भरात असतो, आणि आपण त्याला कोरडेपणाचं दुखणं म्हणतो. थंडीत, गरम पाण्यानं किंवा कडक साबणानं नुसती कातडी फुटून बारीक, सुके कण पडतात, तो प्रकार वेगळा. ते हातापायांवरही दिसतं. कोंड्याचे पापुद्रे जरा मोठे, पिवळसर, तेलकट असतात आणि नखात अडकतात.

आपल्या सगळ्यांच्या टाळूवर मालासेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहते. ज्याला कोंडा आहे त्याच्या आणि ज्याला नाही त्याच्याही. एकोणिसाव्या शतकात लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं कोंड्याच्या पापुद्र्यांत ती पाहिली, म्हणून हे नाव. तिला स्वतःसाठी लागणारी मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत. मग ती आपल्या टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर, सीबमवर, जगते. ते तेल ती फोडते, त्यातलं हवं ते खाते आणि ओलेइक आम्लासारखं नको ते मागे टाकते. काही जणांच्या कातडीला हे उष्टं सोसत नाही. कातडी चिडते, खाजते आणि घाईघाईनं नव्या पेशी तयार करायला लागते. एरवी चारेक आठवड्यांच्या क्रमानं एकेकट्या, नजरेला न दिसता गळून जाणाऱ्या पेशी मग अर्धवट पिकलेल्या, एकमेकींना धरून पुंजक्यांनी सुटतात. खांद्यावर दिसतात ते हे पुंजके.

म्हणून एकाच घरात, एकच साबण-तेल वापरून, एका भावाला कोंडा आणि दुसऱ्याला नाही असं होतं. अस्वच्छतेचा यात फारसा हात नाही. कंगव्यातून ‘लागला’ असंही नाही, कारण बुरशी आधीपासूनच प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. (कंगवा वेगळा ठेवावाच, पण तो उवांसाठी आणि नायट्यासाठी.)

हे मी सासूबाईंना माझ्या परीनं समजावून सांगितलं. वर हेही सांगितलं, की प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल तर वाढमाध्यमावर ऑलिव्हचं तेल घालतात. त्या शांतपणे म्हणाल्या, “आपण कुठं ऑलिव्हचं लावतो?”

मुद्दा बिनतोड होता. खोबरेलाचं प्रकरण ऑलिव्हइतकं सरळ नाहीच. त्यातल्या लॉरिक आम्लाला जंतू रोखण्याचे गुणही आहेत. शिवाय खोबरेल केसाच्या आत शिरतं, धुताना केसातली प्रथिनं कमी झिजतात, टोकं कमी दुभंगतात. म्हणजे केसांच्या बाबतीत सासूबाई आणि माझी आई दोघीही बरोबर आहेत. अडचण टाळूची आहे. जी कातडी आधीच तेलकट, चिडलेली आहे आणि जिच्यावर तेल खाणारं कुणीतरी राहतंय, तिच्यावर रात्रभर तेलाचा थर ठेवून, वरून घट्ट वेणी बांधून, वर स्वेटरची टोपी चढवायची, यात त्या बुरशीची चंगळ आहे. शेवटी आमच्यात तह झाला. तेल लावायचं ते कानाच्या खालच्या केसांना, न्हायच्या आधी तासभर. टाळूला नाही. सासूबाईंनी तो मान्य केला, पण लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांची बोटं आपोआप वर सरकतात, हेही मला दिसतं. मायेला कानाची हद्द कशी कळणार?

बाकी स्वयंपाकघरातले उपाय थोडक्यात. लिंबू: नको. खाजवून ओरबाडलेल्या कातडीवर ते झोंबतंच आणि लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डागही पडू शकतात. दही: पापुद्रे मऊ पडतात, थोडा वेळ बरं वाटतं, बुरशी आहे तिथेच राहते आणि वास दोन दिवस जात नाही. खायचा सोडा: टाळू किंचित आम्ल असते आणि सोडा अल्कलीधर्मी, त्यामुळे खडखडीत स्वच्छ वाटलं तरी कातडीचे हालच. शिकेकाई आणि रिठ्याला मी नावं ठेवणार नाही. रिठ्यातल्या सॅपोनिनला खरोखर फेस येतो, तेल निघतं. सोसायटीच्या बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणानं डोकं धुतलं तर केसांवर पांढरट चिकट थर बसतो, त्यापेक्षा शिकेकाई कितीतरी बरी. पण चार डबे भरून, वर शिकेकाई कुटून, भिजवून, गाळून, डोळ्यांत जाऊ न देता हे सगळं शाळेच्या दिवशी सकाळी कोण करणार?

एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. आजोबा गेले तेव्हा दशक्रिया रामकुंडावर केली. माझ्या वडिलांना, अण्णांना, मी जन्मभर गांधी टोपीत पाहिलेलं. शेतात टोपी, लग्नात टोपी, बाजार समितीत टोपी. त्या दिवशी घाटाच्या पायरीवर त्यांनी टोपी काढून पंचात गुंडाळून ठेवली आणि नाभिकापुढे मान वाकवली. वस्तरा सरसर चालला होता, तो कानामागे आल्यावर थबकला. तिथली कातडी लाल, जाड झालेली होती, वर चंदेरी खवले, आणि कडा आखल्यासारखी स्पष्ट. मानेवर केस संपतात त्याच्याही खाली तो चट्टा उतरला होता. नाभिकानं वस्तरा उचलून त्या भागाला वळसा घातला, हलक्या हातानं कडेचे केस काढले आणि मान वर न करता म्हणाला, “बाबा, हा कोंडा नाय. कातडीच्या डॉक्टरला दाखवा.” अण्णा म्हणाले, “अहो, कोंडाच आहे तो, वीस वर्षांचा.” “मग वीस वर्षं चुकीच्या औषधात गेली,” तो म्हणाला आणि पुढच्या डोक्याकडे वळला. दिवसाला इतकी डोकी हाताखालून जाणाऱ्या माणसाची नजर आहे ती, मी तरी तिला मानते.

डॉक्टरांनी अण्णांच्या कोपरांना हात लावून पाहिलं, नखांवरचे बारीक खड्डे पाहिले आणि सोरायसिस म्हणून सांगितलं. त्याची औषधं वेगळी, चालही वेगळी. कोंडा समजून रेटण्यासारखी दुखणी आणखीही आहेत. लहान मुलाच्या डोक्यात गोल चकती, तिथले केस मुळाशी तुटलेले, असं दिसलं तर तो बहुतेक नायटा असतो. त्याला पोटातून गोळ्या घ्याव्याच लागतात, नुसत्या शाम्पूनं भागत नाही. लिखा कोंड्यासारख्या दिसतात, पण त्या केसाला चिकटलेल्या असतात, झटकून पडत नाहीत. आणि कोंडाच वाढून भुवया, नाकाच्या कडेच्या घड्या, कानामागची जागा इथे लाली आणि तेलकट खवले यायला लागले तर त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. तान्ह्या बाळाच्या टाळूवरची पिवळी खपली पाहून मात्र घाबरायचं नाही, ती बहुधा काही महिन्यांत आपली आपण जाते.

अण्णा डॉक्टरांकडे येऊन-जाऊन करताना आमच्याकडे राहिले, आणि मला कोंडा खऱ्या अर्थानं कळला तो तेव्हा. लेकीला डॉक्टरांनी दोन टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू दिला होता. द्राक्षबागायतदार माणूस, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय राहत नाही. कुठलं औषध, किती प्रमाण, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, हे वाचण्यात त्यांची हयात गेली. अण्णा बाथरूममधून बाटली हातात घेऊनच बाहेर आले.

“बाई, हे पोरीच्या डोक्याला लावता?”

“हो अण्णा. का?”

“अगं, हे तर आपल्या हेक्झाकोनॅझोलच्या भावकीतलं दिसतंय. भुरीचं औषध!”

आणि ते अगदी बरोबर होतं. भुरीवर, म्हणजे द्राक्षाच्या पानांवर-घडांवर पांढऱ्या भुकटीसारख्या पसरणाऱ्या बुरशीवर, फवारतात ते हेक्झाकोनॅझोल आणि टाळूवर लावायचं केटोकोनॅझोल, दोन्ही एकाच मोठ्या कुळातली. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक लागतो. ही औषधं तो तयारच होऊ देत नाहीत, मग पडदा कच्चा राहतो आणि बुरशीची वाढ थांबते. (हे वाचून कुणी बागेतली बाटली मोरीत नेऊ नये. भावकी एक असली तरी शेतीचं औषध माणसाच्या कातडीसाठी नसतं.) गंधकाचंही तसंच. आमच्या बागेत भुरीवर गंधक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं, आणि कोंड्याच्या काही जुन्या औषधांतही गंधक असतं.

अण्णांनी लेकीला समोर बसवलं. “हे बघ, भुरी जात नसती. ती बागेत कुठंतरी असतीच. काडीवर असती, कोंब फुटतो त्या डोळ्यात असती. ढगाळ, गार हवा पडली की वर येती. आपलं काम काय, तर तिला घडावर बसू द्यायची नाही. त्यासाठी काय करतो आपण? पानं विरळ करतो, हवा खेळती ठेवतो आणि वेळापत्रकानं फवारतो. दिसली की धावाधाव करणाऱ्याचा माल जातो. आणि दिसत नाही म्हणून फवारा बंद करणाऱ्याचाही जातो.”

लेक म्हणाली, “म्हणजे माझा कोंडा कधीच जाणार नाही?”

“नसंल जात. मी द्राक्षं पिकवायची सोडली का?”

त्वचारोगतज्ज्ञानं तिला हेच सांगितलं होतं, पण तेव्हा ती रडकुंडीला आली होती. ‘कायमचा इलाज’ हे शब्द ऐकायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की ‘आटोक्यात ठेवायचं’ म्हटलं की डॉक्टरला येत नाही असं वाटतं. जाहिराती तर पहिल्याच धुण्यात शंभर टक्क्यांची भाषा करतात. आजोबांच्या तोंडून बागेच्या हिशेबानं ऐकल्यावर तिला ते पटलं. मग अण्णांनी बागायतदाराचे प्रश्न विचारले. एकच औषध सारखं मारता का? गुण येईनासा झाला तर बदलता का? बदलतात. झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड, सॅलिसिलिक आम्ल, कोल टार, सायक्लोपिरॉक्स असे वेगवेगळे पर्याय आहेत आणि एकाला दाद दिली नाही तर डॉक्टर दुसरा देतात. यातला झिंक पायरिथिऑन युरोपीय संघानं २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला आहे, आपल्याकडे तो मिळतो. केटोकोनॅझोलच्या गोळ्यांनी यकृताला धोका होतो म्हणून २०१३ साली अमेरिका आणि युरोपात त्यांच्यावर कडक बंधनं आली, पण शाम्पूतून ते औषध रक्तात जवळजवळ जात नाही. ही बातमी अर्धवट वाचून आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला जिन्यात थांबवून घाबरवलं होतं, म्हणून हे लिहून ठेवते.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा शेवटचा प्रश्न. “फवारा पानावर किती वेळ टिकतो?” कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. लेक शाम्पू केसांवर ओतायची, फेस करायची आणि लगेच धुऊन टाकायची. औषधाला टाळू दिसायच्या आत ते गटारात. आता ती आधी साध्या शाम्पूनं केस धुते. मग कंगव्याच्या टोकानं भांग पाडत पाडत औषध थेट कातडीवर लावते, नखांनी न ओरबाडता बोटांच्या पेरांनी चोळते आणि पाच मिनिटं तसंच ठेवते. त्या पाच मिनिटांत बाथरूममधून तारस्वरात गाणी ऐकू येतात, शेजाऱ्यांची मी आधीच माफी मागून ठेवली आहे. कंडिशनर फक्त खालच्या केसांना. सुरुवातीचे तीन-चार आठवडे हे आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा किंवा पंधरा दिवसांनी, थंडीत आणि परीक्षेच्या दिवसांत परत दोनदा. ताणानं कोंडा वाढतो, तिची घटक चाचणी आणि तिची टाळू या गोष्टी बरोबरच चालतात. पाणी कोमट. महिनाभर नीट वापरूनही फरक नाही पडला तर पुन्हा डॉक्टर.

मेडिकलवाल्याकडून परस्पर लोशन आणायचं मात्र नाही. खाजेवर ‘हमखास’ म्हणून जे हातात ठेवतात त्यात पुष्कळदा क्लोबेटासोलसारखं तेज स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत जादू होते, महिनोन्‌महिने चोळलं की कातडी पातळ होते आणि सोडलं की दुखणं उसळून येतं. आणि पार्लर. कॉलेज रोडच्या एका पार्लरमध्ये माझ्या खांद्याकडे बघून, चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, “मॅडम, स्काल्प फारच डर्टी आहे, सहा सिटिंगचं स्पा पॅकेज घ्या,” असं सांगण्यात आलं. क्रीम आणि वाफ. म्हणजे पुन्हा तेलकट थर, फक्त महागाचा. पैशांपेक्षा तो ‘डर्टी’ मला जास्त लागला. शाळेतल्या मैत्रिणीनं खांदा झटकला तेव्हाही मनात तेच आलं होतं, की मी नीट धूत नाही असं सगळ्यांना वाटत असणार. जी बुरशी त्या पार्लरवालीच्या डोक्यावरही आहे तिच्यापायी मुली काळे, निळे कपडे घालायचं सोडतात, याचा मला खरंच राग येतो.

आमच्या यजमानांनी यातून भलताच निष्कर्ष काढला. नाशिकमध्ये २०२१ साली ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली तेव्हापासून आपला कोंडा वाढला, असं त्यांचं म्हणणं आहे. हेल्मेटमुळे कोंडा होत नाही. आत घाम आणि तेल साचून खाज वाढू शकते, त्याला उपाय म्हणजे आतलं अस्तर काढून धुणं आणि ओल्या केसांवर हेल्मेट न चढवणं. द्वारका चौकातून रोज जाणाऱ्या माणसानं हेल्मेट सोडायला कोंड्याचं निमित्त शोधू नये. अस्तर मी धुतलं. पाण्याच्या रंगाबद्दल इथे लिहीत नाही.

आणि सासूबाई. परवा दुपारी त्या चष्मा काढून भुवई चोळत माझ्याजवळ आल्या. “इथं खाज येते गं, पांढरं पण पडतं. तेल लावलं, जात नाही. पोरीचं ते भुरीचं औषध भुवईला चालेल का?” मी उजेडात नेऊन बघितलं. भुवयांत आणि नाकाच्या कडेला लाली होती, बारीक तेलकट खवले होते. डोळ्याच्या इतक्या जवळचा मामला, तेव्हा आपल्या मनानं नको म्हटलं. गुरुवारी अण्णांना डॉक्टरांकडे न्यायचंच आहे, तेव्हा सासूबाईंचाही नंबर लावून टाकला आहे.